डॅशबोर्डमधली खुळखुळ

ईस्टरची सगळी सुट्टी खर्ची घालून इंगुनने त्या जुन्या, मुलांनी बिस्किटांचा चुरा सांडलेल्या गाडीत स्वतःच्या हाताने भारी साउंड सिस्टीम बसवली. पहिलंच गाणं असं घुमलं, की गॅरेजच्या खिडक्या थरथरल्या आणि ती आनंदाने नाचायलाच लागली. फक्त डॅशबोर्डच्या आत काहीतरी खुळखुळत होतं.

"राहू दे गं, जुनी गाडी आहे," स्टाइनार घाईघाईने म्हणाला. नऊ वर्षं लग्नाशिवाय त्याच्याबरोबर राहणाऱ्या इंगुनला तो सूर खटकलाच. तिने डॅशबोर्ड खोलून आत हात घातला, तर हातात सोन्याची अंगठी आली!

"कोणाची रे ही?"

"तुझीच," तो लाजून लाल झाला. "आठ वर्षांपूर्वी फ्योर्डच्या खाडीकाठी गाडी थांबवून तुला लग्नाचं विचारणार होतो. पण अंगठी हातातून निसटली आणि पुढच्या काचेखालच्या फटीत गेली. मग मुलं झाली, राहूनच गेलं."

इंगुन हसता हसता सीटवर कोसळली. "अरे वेड्या, मग दुसरी घ्यायचीस ना!"

स्टाइनार मान खाजवत राहिला.



"घेतली होती गं. जरा आणखी आत हात घाल."