नमुन्याची पिशवी

"सहाशे तेरा," बाई म्हणाल्या.

"सहाशे चौदा." पाहुण्यांनी आपला कागद पुढे केला. ज्या देशातून टपालाची ही पिशवी आली होती, तिथल्याच टपालखात्यातून ते आले होते.

पत्र पाठवणारा देश तिकिटाचे पैसे आधीच घेतो. पत्र घेऊन जिने चढतो तो इथला पोस्टमन. त्या चढण्याचा वाटा दर वर्षी तिकडून येतो. किलोमागे पत्रं जितकी जास्त, तितका वाटा जास्त. सगळं टपाल मोजणं अशक्य, म्हणून चिठ्ठी टाकून काही पिशव्या निवडतात आणि दोन्हीकडची माणसं एकाच टेबलावर त्या मोजतात. त्यावरून वर्षाचा हिशेब धरतात.

साहेब बाईंच्या खुर्चीमागे वाकले. "अहो, ते आपणहून चौदा म्हणतायत. घ्या की. इथलं एक म्हणजे वर्षाची हजारो पत्रं. तुमच्याच पोस्टमन यजमानांच्या सायकलला टायर येतील."

"टायर गुळगुळीत झालेत खरे," बाई म्हणाल्या. "पण पत्रं तेराच आहेत."

त्यांनी बोटावरची रबरी टोपी घट्ट केली आणि गठ्ठा पुन्हा ओढला. पन्नास-पन्नासांच्या चळती उभ्या राहिल्या. साहेब घड्याळाकडे बघत होते. बारा चळती झाल्यावर उरलेल्यांत एक पाकीट कडेला उकललेलं निघालं. त्याच्याखाली घडी घातलेला एक निळा कागद. पाहुण्यांनी त्याला वेगळं पत्र धरलं होतं.

बाईंनी कागद पाकिटात सरकवला. तो बरोबर बसला. त्याच्या कडेवरचा गोंदाचा डाग पाकिटावरच्या डागाला जुळला.

"जिना एकच चढायचाय," त्या म्हणाल्या.

पाहुण्यांनी चष्मा काढून डाग पाहिला, चौदा खोडलं आणि तेरा लिहिलं. मग पेनाला टोपण लावलं. "पुढच्या पिशव्या तुम्हीच मोजा. मी नुसती सही करतो."

साहेब एकदम ताठ झाले. "आमच्या बाई आहेत त्या," ते म्हणाले. मघाशी चौदा घ्या म्हणणारा जणू दुसराच कुणी होता.

बाईंनी दुसरी पिशवी टेबलावर रिकामी केली. खणातून आणखी एक रबरी टोपी काढली आणि पाहुण्यांच्या समोर ठेवली.

"तुम्हीही मोजा," त्या म्हणाल्या. "मग सही करा."