पर्समधली वायर

"ताई, लॅपटॉप पडद्याला जोडायची वायर आहे का? माझी तुटली बघा," भागवत म्हणाला.

"नाही हो," शाल्मली म्हणाली. वायर तिच्या पर्समध्येच होती. पण आत बसलेल्या गुंतवणूकदारांकडून आज एकाच नव्या कंपनीला भांडवल मिळणार होतं, आणि भागवतचं दुधातली भेसळ ओळखणारं यंत्र पाहिल्यापासून तिच्या पोटात दुखत होतं.

भागवत तसाच आत गेला. पडद्यावर दाखवायला काही नाही, म्हणून त्याने गुंतवणूकदारांच्या चहाचंच दूध मागून तपासलं. टाळ्या बाहेरपर्यंत ऐकू आल्या.

"आता तुमचा नंबर," बाहेर येत तो म्हणाला. "वायर तुमच्याकडेही नाही, पण घाबरू नका ताई. मी दारातच थांबतो."

पडद्याशिवाय तिला धड बोलता येत नसे. आत जाऊन तिने पर्सची चेन धरली आणि मागे पाहिलं. भागवत धीर द्यायला हसत होता.

तिने चेन सोडली.