खाद्यवनस्पती

सात सुरवंट, सातही उपाशी. तीन दिवस झाले, काचेच्या पेटीतल्या काटेरी झुडपाच्या कोवळ्या पाल्यावरून ते फिरत होते, देठांवर चढत होते, पण एकानेही पानाला तोंड लावलं नव्हतं.

“एवढी नखरेल लेकरं कुणाची म्हणायची?” सौरप्रकल्पाची इंजिनीअर बाई ताजी फांदी पेटीत ठेवत म्हणाली. “सर, सकाळीच तोडून आणलीय.”

पाखरूअण्णा हसले नाहीत. उभा जन्म त्यांनी वाळवंटी पतंगांच्या एकाच घराण्यामागे घालवला होता. घराण्यात अकरा जाती. दहा वाळवंटभर पसरलेल्या, मिळेल तो पाला खाणाऱ्या. अकरावीचा मुलूख म्हणजे एक खोरं, आणि तिला एकच झाड चालायचं. त्या खोऱ्यात प्रकल्पाच्या मजुरांनी आठवडाभर शोधलं तेव्हा हे सात हाती लागले.

“झुडपांवर काही फवारलं का?”

“छे हो! तुमचं पुस्तक आमच्यासाठी ब्रह्मवाक्य. अख्खा आराखडा बदलून चारशे एकर काटेरी झुडूप राखलंय. डोळ्यांत तेल घालून.”

अण्णांनी पुस्तक उघडलं. काटेरी फांदी, फांदीवर सुरवंट, खाली शब्द: खाद्यवनस्पती. फोटो त्यांनीच काढला होता. सुरवंट निवांत बसला होता, हे त्यांना लख्ख आठवलं. खाताना पाहिला होता? ऊन डोक्यावर आलं होतं, परतीची गाडी थांबली होती. बसलाय म्हणजे खात असणार, असं ते धरून चालले होते. याच चुकीसाठी त्यांनी विद्यार्थ्यांना शंभरदा झापलं होतं. आणि आता आठवलं: फोटोसाठी ते जिथे चटई टाकून बसले होते, तिथलाच राखाडी पाला तेवढा कुरतडलेला होता.

“बाई, त्या काट्यांच्या बुंध्याशी एक खुरटं झाड असायचं. राखाडी, खारट पाल्याचं.”

“ते तण होय? वैताग आणला मेल्याने! आपल्या झुडपांचं सगळं पाणी तेच पीत होतं. दोन वर्षं झाली उपटतोय.”

आयुष्यात इतकी लाज अण्णांना कधी वाटली नव्हती.

“मी चुकलो,” ते म्हणाले. “सुरवंट तेच खातो. दुसरं काही नाही.”

बाईचा चेहरा उतरला. तिने तिथल्या तिथे मुकादमाला फोन लावला, स्पीकर सुरू केला.

“मुकादम, निंदणी थांबवा. आत्ताच्या आत्ता.”

“थांबली की, बाई!” मुकादम भलताच खुशीत होता. “काल शेवटची ओळ काढली. मुळासकट काढून पेटवूनच दिलं, औषधालासुद्धा ठेवलं नाही. साहेबांना म्हणावं, बिनघोर राहा. तुमच्या पाखरांच्या घासात आता कुणी वाटेकरी नाही.”