किती खाली?

"भावा, गाडी खालीच घ्यायची तर बुटक्या स्प्रिंगा टाकून मोकळा हो. रोजच्या गाडीला कॉइलओव्हर कशाला?" गॅरेजवाला म्हणाला.

"तुझ्या स्प्रिंगांची उंची कंपनी ठरवते. कॉइलओव्हरचं कडं फिरवून गाडीची उंची आपली आपण ठरवायची," विश्वजितनं सुनावलं.

पायाला आधाराचा कॅलिपर लावलेली त्याची बायको शर्मिष्ठा खुर्चीत बसून ऐकत होती. तिचे सासरे विश्वजितच्या तोंडावर बोलले होते, "उंच गाडी घेतली, आता जमिनीला टेकवतोय. पोरखेळ नुसता." रोज ती शाळेत शिकवायला निघाली की नवरा भर गल्लीत तिला उचलून सीटवर ठेवायचा. बघणारे त्याचं कौतुक करायचे. जिला उचलतात तिला काय वाटतं, हे कुणाच्या बापानं विचारलं नव्हतं.

कॉइलओव्हर बसले. "किती खाली घेऊ?" गॅरेजवाल्यानं विश्वजितला विचारलं.

"मला काय विचारतोस? तिला विचार."

शर्मिष्ठा दाराला धरून बसायला गेली. जमलं नाही. "अजून खाली घ्या," ती म्हणाली. गाडी जॅकवर चढली, कडं फिरलं, गाडी उतरली. पुन्हा थोडक्यात हुकलं. "अजून."

"वहिनी, ही शेवटची. ह्याच्या खाली गतिरोधकाला गाडीचं पोट घासणार."

या खेपेला ती अलगद सीटवर टेकली. हातानं पाय आत घेतला, दार स्वतः ओढलं.

विश्वजित शेजारी येऊन बसला.

"अहो, इतकी वर्षं उचललंत, त्याचे आभार कधी मानले नाहीत. रागच यायचा," ती म्हणाली. "आज मानते. आता उचलायला लागणार नाही म्हणून."