तासाभराची मोकळीक

सून दाराबाहेर पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. घरात बांधल्या तर सासूबाईंना कळेल, असं तिचं आपलं गणित. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातलाच प्रकार. आतून आवाज आलाच.

"आज किती वेळ?"

"तासभर, आई. लगेच येते."

"तासभर म्हणतेस आणि लगेच म्हणतेस. एक काय ते सांग."

हे टोचणं रोजचंच, आणि रोज जिना उतरताना तिचे पाय जड व्हायचे. मागल्या वर्षी फरशी तिनेच पुसली होती. ओली आहे, हे सांगायचं राहून गेलं, आणि सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. नवरा फिरतीच्या नोकरीवरून आला, आईजवळ बसला, परत गेला. कोणी तिला एका शब्दाने बोललं नाही. सासूबाई तर म्हणाल्या, "माझंच लक्ष नव्हतं." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं.

मग तिने चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडली आणि सासूबाईंच्या सेवेला वाहून घेतलं. हाड जुळल्यावर व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी उभं केलं की सासूबाई कळवळायच्या आणि धार लागायची ती सुनेच्या डोळ्यांना. आठवडाभरात तिने त्या बाईंना हात जोडून निरोप दिला. "आता या वयात कशाला छळ? मी आहे ना." पाणी हातात, जेवण हातात. सासूबाईंनी पाय पलंगाखाली सोडायचा अवकाश, ही हातातलं काम टाकून हजर. "आई, काय हवंय? मला सांगा ना." उशाशी एक घंटीसुद्धा आणून ठेवली. अशी सून दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही, असं शेजारीपाजारी म्हणायचे. ते ऐकलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पळण्याची भानगड सुरू केली ती खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी. एकदा ती जिन्यात धाप लागून उभी होती.

"बाई, चाळिशीत तुमची ही गत? सकाळी मैदानावर या."

पहिल्या दिवशी ती अर्धी फेरी पळाली आणि कठड्याला धरून ओणवी झाली. "उद्या पाऊण," डॉक्टर शांतपणे म्हणाले. त्या माणसाचा तिला इतका राग आला की निव्वळ रागापोटी ती दुसऱ्या दिवशी गेली. रागाची सवय झाली, सवयीची गोडी लागली. पहिल्या बुटांचे तळवे झिजले तेव्हा तिने नवे घेतले आणि जुने दाराजवळच्या बाकाखाली सारले. "टाकू नकोस, आई बऱ्या झाल्या की घालतील," नवरा फोनवर हसला. "तुम्हा दोघींचं जुळतं ते एवढंच, पायाचं माप."

खरं सांगायचं तर पळण्याहून गोड एक गोष्ट होती. तो तासभर घंटी ऐकू यायची नाही. याची तिला मनस्वी लाज वाटायची.

घरी परतलं की शिक्षा तयारच असे. कधी घंटी जमिनीवर पडलेली. कधी सासूबाई घामाघूम, छाती भात्यासारखी वरखाली.

"आई, हाका मारत होता का?"

"छे. पंखा मंद होता."

कधी खुर्ची भलतीकडेच.

"ही इथे कशी आली?"

"तूच ठेवली असशील. हल्ली तुझं लक्ष असतं कुठे?"

ते मात्र खरं. बाकाखालचे बूटही एकदा तिला पलंगाजवळ सापडले. आपलं डोकं ठिकाणावर नाही, तिने मनाशी कबूल केलं. म्हातारं माणूस इथे तळमळतंय आणि आपण मैदानाला फेऱ्या मारतोय. आधी एकाचं हाड मोडायचं, मग वाऱ्यावर सोडून जायचं.

एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत डॉक्टरांनी तिचं नाव घातलं, तेव्हा तिने ठरवून टाकलं. "ही एवढी शर्यत पळते, आई. मग बूट टाकून देणार."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "का गं?"

"तुमचे हाल होतात."

"हाल," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी ताट बाजूला सारलं. त्या दिवशी त्या धड जेवल्या नाहीत. माझ्यामुळेच, सुनेला वाटलं.

शर्यतीच्या सकाळी तिने पाणी, गोळ्या, घंटी सगळं हाताशी ठेवलं. गार वारा नको म्हणून खिडकी लावली.

"आज किती वेळ?"

"तीन तास तरी. शेजारच्या काकूंना बसायला सांगू?"

"कोणी नको. बाहेरून कुलूप लाव आणि जा."

रस्ता निम्म्यावर त्यांच्याच इमारतीखालून जात होता. तोवर ती छान पळत होती. श्वास लयीत चालला होता, पाय आपापले पडत होते, डॉक्टर शेजारून काहीतरी विनोद सांगत होते. तिने सहज वर पाहिलं. खिडकी सताड उघडी होती.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"खिडकी मी लावली होती," ती म्हणाली आणि शर्यत सोडून जिन्याकडे वळली.

सरपटत खिडकीशी गेल्या असतील. रस्त्यावर हाका मारल्या असतील. कोणाला ऐकू जाणार? तो जिना ती आयुष्यात कधी असा चढली नव्हती. कुलपात किल्ली जाईना. दार उघडलं तर पलंग रिकामा. घंटी उशीखाली दाबून ठेवलेली. ती स्वयंपाकघराच्या दाराकडे धावली, मागल्या वर्षी त्या पडल्या होत्या तिथे.

तिथून सासूबाई येत होत्या. झपाझप, भिंतीला हात न लावता. पायात तिचे जुने बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या. सून दिसली तशा त्या थांबल्या, आणि त्यांचा चेहरा पडला.

"तीन तास म्हणाली होतीस ना?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "जा, शर्यत पुरी करून ये. तू घरात असलीस की मला उठता येत नाही."