मॉरिसचा पत्रा

रणजितनं वीतभर लांबीची, पत्र्याची छोटी मॉरिस मोटार तळहातावर फिरवून पाहिली. दारातल्या खऱ्या मॉरिससारखीच हिरवी.

"हुबेहूब बनवलीस मर्दा. म्हणजे राग गेला म्हणायचा."

"गेला," सदानंद म्हणाला.

खरी गाडी ह्या दोघांनी आणि इस्माईलनं मिळून भंगारातून उचलून उभी केली होती. पत्र्याचं सगळं काम इस्माईलचं. शेवटच्या आजारातही तो धापा टाकत हातोडी चालवायचा. तो गेल्यावर रणजितनं गाडी प्रदर्शनात नेली, कप उचलला आणि माईकवर सांगितलं, "एकट्यानं केली." समोरच्या रांगेत इस्माईलची बायको बसली होती.

"ह्याला पत्रा कुठला वापरलास?" रणजितनं विचारलं.

"तुझ्याच गाडीचा. जरासा कापून घेतला. किल्ली आहे की अजून माझ्याकडं."

रणजितचा चेहरा उतरला. "कुठनं कापलास?"

"हुडक की. एकट्यानं केलीस न्हवं, सापडेल तुला."

रणजितनं आधी सीटा काढल्या, मग तळ उचकटला. काहीच सापडेना तसा तो जास्तच धास्तावला. ठिगळ लावून वर रंग मारला असेल, म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं सगळा रंग खरवडून काढला. दिवाळीपर्यंत दारात नुसता सांगाडा उरला.

सदानंद मुद्दाम त्या रस्त्यानं गेला. इस्माईलची मेहनतही त्यात उखडली होती, तरी तो थांबून डोळे भरून बघत राहिला. मग घरी येऊन त्यानं तेलाचा रिकामा डबा भंगारवाल्याला देऊन टाकला. छोटी मॉरिस त्याच डब्यातून कापलेली होती.