तिकडचा फोन

दुकानाचं शटर ओढून चष्मेवाले वर आले, तर मुलाच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं आणि आतून हसू ऐकू येत होतं. मुलगा फोनवर तिकडच्या भाषेत बोलत होता. चष्मेवाल्यांना त्यातला एकच शब्द कळायचा. तिकडे बाबांना तसं म्हणतात.

अकरावीचं वर्ष मुलानं परदेशातल्या एका घरी राहून, तिथल्या शाळेत काढलं होतं. बदल्यात त्या घरचा मुलगा वर्षभर इथं राहिला. याच खोलीत झोपला, याच्याच शाळेत गेला. आता दोघंही आपापल्या घरी परतले होते.

परतले म्हणायचं, एवढंच. मुलगा जेवताना ताटातून डोकं वर काढत नसे. काही विचारलं तर 'हो बाबा', 'नाही बाबा', की संपलं. तिकडच्या घरातल्या त्या बाबा-माणसाशी मात्र तासन्‌तास गप्पा. त्या माणसानं त्याला पोहायला शिकवलं होतं, गाडीचं चाक बदलायला शिकवलं होतं. हेही चष्मेवाल्यांना बायकोकडून कळलं. पोराला जरा रुळू द्या, असं तिनं बजावलं होतं. तरी रोज संध्याकाळी त्यांचे पाय दाराशी रेंगाळायचेच.

आज मुलाचं लक्ष गेलं. हसू गिळून त्यानं फोन छातीशी धरला आणि चोरी पकडली गेल्यासारखा उभा राहिला.

"तुम्हाला वाईट वाटतं, कळतं मला," तो म्हणाला. "पण त्यांची फार आठवण येते, बाबा. काय करू?"

चष्मेवाले चौकटीला टेकले. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला.

"त्यांचा मुलगा घरात आहे का विचार," शेवटी ते म्हणाले. "असला तर दोन मिनिटं मला दे. शाळा सुटली की दुकानात माझ्या शेजारी येऊन बसायचा. मोडकंतोडकं बोलायचा. 'तुम्ही' म्हणायचं काही त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. 'अरे बाबा, तू दमलास का,' असं विचारायचा. सवय झाली रे."

मुलगा त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं फोनवर घाईघाईनं काही सांगितलं आणि कॉटवर सरकून जागा केली.

"बोलावतायत त्याला," तो म्हणाला. पुढचं बोलताना जरा अडखळला. "तोवर... तू बस ना, बाबा."